शर्टावर ठेवलेला कागद

कॅन्सस सिटी,
ऑगस्ट १९६९

प्रिय लेम,

हे सुबक अक्षर कुणाचं म्हणून विचारात पडू नकोस. अक्षर माझ्या नातीचं, लोरेटाचं. वय वर्षं पंधरा, डोक्यावर टोपलीएवढे केस, आणि शाळेत भाषेत पहिली. मी बोलते आणि ती लिहिते. एक पान भरलं की मी तिला ते वाचून दाखवायला लावते, कारण ही पोरगी माझी वाक्यं सुधारते. मघाशी मी 'लेम्या, मेल्या, अजून आहेस का?' अशी सुरुवात केली होती. तिनं 'प्रिय लेम' लिहिलं. म्हणाली, "आजी, एकतीस वर्षांनी पत्र लिहितेयस, जरा नीट बोल." तर हे नीट बोलणं तिचं समज. पुढचं माझं.

एकतीस वर्षांनी पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असं तुला वाटेल. कुणी गेलेलं नाही. अजून नाही. हॉरेस पलीकडच्या खोलीत पडून आहे. छातीचं दुखणं. डॉक्टर तरुण आहे, त्याला सरळ सांगायला लाज वाटते, म्हणून म्हणाला, "झाडांची पानं गळेपर्यंत आहेत ते." आमच्या दारात एक एल्मचं झाड आहे. तेव्हापासून मी त्याला सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी घालते. शेजारीण विचारते, एवढ्या मोठ्या झाडाला कशाला गं पाणी? मी म्हणते, मला आवडतं.

त्याच्या छातीत दोन गोष्टी अडकल्यात, लेम. एक डॉक्टरच्या यंत्रात दिसते. दुसरी तू आहेस. एकतीस वर्षांत तुझं नाव या घरात निघालेलं नाही. कुणी बँडचा जुना विषय काढला तर हॉरेस बाकीच्या बारा जणांची नावं सांगतो आणि तुझ्या खुर्चीपाशी आला की खोकतो. आधी तो खोटा खोकायचा, आता खरा खोकला येतो. हे असं अडकलेलं घेऊन त्यानं जाऊ नये, एवढ्यासाठी मी या पोरीला सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात बसवून ठेवलंय. बाहेर ऊन असं आहे की भिंतीचा रंग सुटावा. माझे पाय सुजलेत, त्यामुळे मी बसून बोलणार आणि मध्ये मध्ये थांबणार. तू घाई करू नकोस. तुझी घाई मला माहीत आहे.

तुम्ही दोघं माझ्या मावशीच्या या घरी खोली मागायला आलात तो दिवस आठवतो का? गाडीत चौदा जण कोंबलेले, छपरावर ढोल बांधलेला, आणि दारात तू टोपी हातात घेऊन उभा, कपडे असे कडक जसा काही पाद्रीच. तुझ्यामागे हॉरेस. त्याच्या कोटाला तीन बटणं, तीनही वेगवेगळी. मावशी म्हणाली, "वाजवणारे लोक म्हणजे रात्री जागणार आणि दुपारपर्यंत लोळणार, पण दुसऱ्या कुणी यांना खोली देत नाही, तेव्हा घ्या." मी कपडे धुवायची, इस्त्री करायची. पांढरे शर्ट दिवसाला तीस-तीस. त्या वर्षापासून पांढरा रंग माझ्या मनातून उतरला तो उतरलाच. लग्नातही मी निळाच झगा घातला. तेव्हा हॉरेसच्या बाजूला तू उभा होतास आणि अंगठी खिशात शोधताना तुझी घाबरगुंडी उडाली होती. त्या दिवसापासून तू मला वहिनी म्हणायला लागलास.

लोरेटाला हे सगळं नवीन आहे. तिला आजोबा म्हणजे खाटकाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, पलंगाखाली काळी पेटी ठेवणारा म्हातारा. त्या पेटीत काय आहे ते तिला माहीत आहे, पण तो वाजवताना तिनं कधी ऐकलं नाही. म्हणून हे तिच्यासाठीही सांगते, तू वाचताना कंटाळलास तर पुढे सरक.

हॉरेसचा सॅक्सोफोन टपालानं आला होता. मस्कोगीला त्याचा बाप सरकीच्या गिरणीत होता, त्यानं यादीतलं चित्र बघून मागवला. शिकवायला कुणी नाही. गावातला बँड रविवारी चर्चच्या आवारात वाजवायचा, हा कुंपणाबाहेर उभा राहून ऐकायचा आणि घरी येऊन सगळ्यांचं सगळं वाजवायचा, ट्रम्पेटचंसुद्धा. मग तंबूतले खेळ झाले, मग लहान बँड, मग तुमच्या बँडचा मालक गेन्स, त्यानं त्याला ऐकलं आणि आल्टो सॅक्सोफोनच्या दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. पहिल्या खुर्चीवर तू. गेन्सनं त्याला विचारलंच नाही की बाबा, तुला स्वरलिपीचा कागद वाचता येतो का. चौदा जणांच्या बँडमध्ये खुर्चीवर बसलेल्याला कागद वाचता येत नसेल हे कुणाच्या मनात येणार? आणि हॉरेसनं सांगितलं नाही.

तुला मात्र दुसऱ्याच दिवशी कळलं. तू त्याच्या शेजारी बसलास, पान उलटायची वेळ आली, आणि हा पहिल्याच पानाकडे भक्तिभावानं बघत राहिला. दुसरा कुणी असता तर गावभर करता. तू काय केलंस? तू स्वयंपाकघरात आलास. "वहिनी, मला इथे सराव करू दे, इथे आवाज छान घुमतो." दुपारची वेळ, मी चुलीजवळ इस्त्री करतेय, मधलं दार उघडं, पलीकडच्या खोलीत हॉरेस डोळे मिटून पलंगावर. नवा कागद आला की तू त्यातला हॉरेसचा भाग इथे बसून एकदा वाजवायचास. एकदाच. तो तिकडून म्हणायचा, "झालं." आणि त्या दिवशी बँडमध्ये बसला की कागद समोर ठेवून एक मात्रा न चुकता वाजवायचा. पान मात्र तू गुडघ्यानं त्याला ढोसलंस की उलटायचा.

उलटं कसं होतं तेही लोरेटाला सांगते, म्हणजे तुला फार चढणार नाही. तू वाचायचास देवासारखा, पण सोलोला उभं केलं की तुझ्या अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. कागद संपला की तू संपलास. मग हॉरेस पलंगावरून गुणगुणायचा आणि तू माझ्या टेबलावर, माझ्या शर्टांच्या ढिगाशेजारी, ते भराभरा उतरवून घ्यायचास. लोक म्हणायचे, लेम प्रॅट काय सोलो वाजवतो! मी इस्त्री फिरवत हसायची. तुम्ही दोघं मिळून एक सबंध वादक होतात.

आणि हॉरेसला मी काय कमी छळलं? "एवढा घोड्याएवढा माणूस, आणि पाच रेघांवर बसलेल्या माश्या वाचता येत नाहीत! आमच्या चर्चमधली लहान पोरं वाचतात!" तो हसायचा. "ओडी, तू माझे शर्ट बघ, माश्या लेम बघेल." हे माश्यांचं मी रोज म्हणायची. जेवताना, पाहुण्यांसमोर नाही पण तुझ्यासमोर हमखास. का म्हणायची ते पुढे येईल. लोरेटा, तू माझ्याकडे अशी बघू नकोस, लिही.

'तापली इस्त्री' ही चाल कशी झाली ते तुला सांगायला नको. माझ्या दोन इस्त्र्या होत्या, एक चुलीवर, एक हातात. एक ठेवली की ठक्, दुसरी उचलली की खर्र. ते दिवसभर ऐकून हॉरेसनं चाल बांधली. तुम्ही पाचही सॅक्सोफोनवाले उभे राहून ती वाजवायचात तेव्हा नाचणारे लोक मधेच थांबून टाळ्या वाजवत. सगळा धडाका, आणि मधे एक सोळा मात्रांचा मऊ तुकडा, जणू इस्त्री थंड होतेय. तो तुकडा हॉरेसनं माझ्यासाठी ठेवला होता. मी कधी कबूल केलं नाही की मला आवडतो. म्हणायची, या तुकड्यात माझा शर्ट जळला असता.

आता तो रविवार. तुला सगळा पाठ असेल, पण तू तुझ्या बाजूनं पाहिलास, मी माझ्या बाजूनं सांगते. दुपारी तीन वाजता नाचाच्या हॉलमधून रेडिओवर थेट कार्यक्रम. न्यूयॉर्कचा एक माणूस तिकडे रेडिओला कान लावून बसणार, पसंत पडला तर सगळा बँड पूर्वेला जाणार. गेन्स आठवडाभर जेवला नव्हता. हॉरेसच्या सॅक्सोफोनची एक चावी नेमकी त्या सकाळी ढिली झाली, तो दुरुस्तीवाल्या म्हाताऱ्याकडे गेला. बारा-साडेबाराला तू धापा टाकत आलास. हॉरेस नाही. टेबलावर बस्टर ट्रम्पेटवाला आणि आणखी दोघं कोंबडी खात बसलेले, आणि बस्टरच्या कानावर पडलेली गोष्ट म्हणजे पेपरात छापल्यासारखीच. तू माझ्याकडे पाहिलंस, टेबलाकडे पाहिलंस. मग खिशातून कागद काढलास, उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्यास आणि तुझ्या शर्टावर ठेवलास. "वहिनी, एवढं बघ हं. विसरू नकोस." आणि पळालास, कारण सगळ्यांच्या कागदांवर पेन्सिलीनं खुणा करायचं काम गेन्सनं तुझ्यावरच टाकलं होतं.

तू दर रविवारी माझ्याकडे कपड्यांची यादी ठेवायचास. माझे हात खळीनं बरबटलेले. मी म्हटलं, "ठेव तिथे, बघते," आणि हात पुसून तो कागद इतर याद्यांसारखा बटणांच्या डब्यात टाकला. हॉरेस दोनला आला, कोट बदलला, दारातच घास गिळला आणि गेला. हॉलवर पोचला तेव्हा रेडिओ सुरू झाल्याचा लाल दिवा लागायला आलेला. तू त्याच्या कानात काही सांगावंस एवढीही फट नव्हती. आणि तू कशाला सांगशील? तुझ्या मते त्याला सगळं कळलेलं होतं.

रेडिओ मी इथेच ऐकत होते, मावशी आणि शेजारच्या चौघी घेऊन. शेवटची चाल 'तापली इस्त्री'. मी मनातून फुलले होते, लेम. ट्रम्पेट थांबले. सगळा बँड एकदम शेवटच्या फेरीवर उडी मारून गेला, आणि त्या गोंगाटाच्या मध्यात एकच सॅक्सोफोन मऊ तुकडा वाजवत राहिला. माझा तुकडा. बस्टर आणि ढोलवाला गोंधळून त्याच्यामागे गेले, बाकीचे पुढे. मग कुणीच कुठे नाही. मग शांतता. रेडिओवरच्या शांततेइतकी मोठी शांतता मी पुन्हा ऐकलेली नाही, मावशी गेली तेव्हाही नाही. शेवटी निवेदकानं घसा साफ केला आणि साबणाची जाहिरात सांगितली.

हॉलवर काय झालं ते हॉरेसनं एकदाच सांगितलं. गेन्सनं सगळ्यांसमोर एक कागद त्याच्या पुढ्यात धरला आणि म्हणाला, "वाच." एवढंच. सहा वर्षं त्या खुर्चीवर बसलेला माणूस सगळ्यांसमोर कागदाकडे बघत उभा राहिला. न्यूयॉर्कच्या माणसानं पुन्हा तार केली नाही. सहा महिन्यांनी तुम्ही शिकागोला गेलात खरे, पण चौदाचे तेरा होऊन.

त्या संध्याकाळी तुम्ही दोघं याच स्वयंपाकघरात आलात. चुलीवर डुकराचे पाय शिजत होते, त्या वासानं मला आजही उलटी येते. हॉरेस म्हणाला, "सगळ्यांना सांगितलंस. मला सोडून सगळ्यांना." तू ओरडलास. तू ओरडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "मी निरोप ठेवला होता! लिहून! वहिनीच्या हाताखाली, शर्टावर!" हॉरेस माझ्याकडे वळला. "ओडी?" आणि मी म्हणाले, "कपड्यांची यादी होती ती. तीन शर्ट, दोन कॉलर." बघ लेम, खोट्यालाही मी आकडे घातले, म्हणजे पक्कं वाटावं.

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता म्हणशील, आण तो कागद. डबा तुझ्या हातापासून वीतभर लांब होता. पण तू टोपी उचललीस आणि गेलास. तीन शर्ट तसेच राहिले. मी ते इस्त्री करून दोन वर्षं कपाटात ठेवले, मग चर्चला देऊन टाकले.

लोरेटानं पेन खाली ठेवलंय. म्हणते, "आजी, का खोटं बोललीस?" थांब पोरी, तिथे येतेच आहे. आधी तुझ्या आजोबाचं राहिलेलं पुरं करू दे, फार नाही उरलं.

त्यानंतर हॉरेस आठ जणांच्या बँडमध्ये वाजवत होता, मग पाचांच्या, मग तिघांच्या. लढाईत सैन्याच्या बँडसाठी परीक्षा द्यायला गेला, हसत गेला, आणि तासाभरात परत आला. पुन्हा कागद. मग कारखान्यात लागला, दिवसभर डुकरं सोलायची आणि शनिवारी मिळेल तिथे वाजवायचं. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसानं काय करावं? तो आमच्या चर्चमधल्या बाईंकडे स्वरलिपी शिकायला गेला. लहान पोरांच्या रांगेत गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. दोन वर्षांत कुठलाही कागद फाडफाड वाचायला लागला. आणि तोवर मोठे बँडच संपले, लेम. तो नाचाचा हॉल बंद पडला, आता तिथे मोटारींचे टायर विकतात. लोक घरी बसून चार पोरांची गिटार ऐकायला लागले. हॉरेस म्हणाला, "मी दार उघडायला शिकलो तर घरच उठून गेलं." मग वरचे दात गेले, आणि दात गेले की आल्टो तोंडात ठरत नाही, हे तुला सांगायला नको. तुझे आहेत का रे? त्यानं पेटी बंद करून पलंगाखाली सरकवली आणि त्यावर पुन्हा बोलला नाही. मीही दमले होते. दमलेल्या दोन माणसांचं घर फार शांत असतं.

नाताळला तुझी पत्रं यायची. तो पाकीट ओळखायचा आणि न फोडता चुलीत टाकायचा. मी बघत असायची. त्याला वाचायची नव्हती आणि मला... तुझी पत्रं बिचारी एवढ्या लांबून येऊन आमच्या घरी फुकट मेली. गेल्या नाताळचं एक पाकीट मात्र मी चुलीतून ओढून काढलं. आतलं जळलं, पत्ता राहिला. तुझी तबकडीही आमच्याकडे आहे, ती 'तापली इस्त्री'ची. त्यावर सोलो प्रॅट असं छापलंय म्हणे. लोरेटा, हे नीट लिही, सोलो सगळाच्या सगळा हॉरेसचा आहे, याच पलंगावरून गुणगुणलेला. तेव्हा लेम, तूही काही फार मोठा संत नाहीस. पण त्यात तो मऊ तुकडा तू कापला नाहीस, पुरा वाजवलायस. ते मी ऐकलं.

आता कारण. मला वाचता येत नाही, लेम. तेव्हाही येत नव्हतं. एक अक्षर नाही. आकडे येतात, कारण शर्ट मोजावे लागत. चर्चमध्ये गाण्याचं पुस्तक सरळ धरायची कारण शेजारणीचं सरळ असायचं. पाठ तर सगळंच होतं. चष्मा या घरात जितका हरवला तितका कुठल्याच घरात हरवला नसेल. नवऱ्याला रोज उठून माश्या वाचता येत नाहीत म्हणून हसणारी बाई, तिनं त्या संध्याकाळी काय म्हणायचं होतं? की कागद माझ्याकडेच होता, फक्त तो काय म्हणत होता ते मला कळलं नाही? तुम्ही दोघं भांडत असताना मी पाठमोरी होऊन डब्यात हात घातला होता. वरचाच कागद. त्यात आकडा नव्हता. एकही नाही. आकड्याशिवाय कपड्यांची यादी असते का कुठे? तेव्हाच मला सगळं कळलं आणि मी झाकण लावलं.

एक मला एकतीस वर्षं विचारायचंय. तू टोपी उचललीस तेव्हा तुला कळलं होतं का? एका माणसाचं झाकणाऱ्याला दुसऱ्याचं झाकलेलं ओळखता येत असेल. तसं असेल तर तू माझ्यासाठी दगाबाज ठरलास आणि एक शब्द बोलला नाहीस, आणि मी तुला ठरू दिलं. हॉरेसचं मला माहीत नाही. लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून तो सकाळी अख्खा पेपर मोठ्यानं वाचतो. मी समजायची, याला स्वतःचा आवाज आवडतो. आता दम पुरत नाही, तरी मथळे मोठ्यानंच वाचतो. गेल्या महिन्यात माणसं चंद्रावर जाऊन आली त्याचा मथळा वाचून म्हणाला, "तिथे तरी कुणी कागद वाचून दाखवा म्हटलं नसेल." लोरेटा म्हणते, "आजी, आजोबांना माहीत असणार." असेल. या घरात विचारायची पद्धत नव्हती.

कागद अजून बटणांच्या डब्यात आहे. एका कोपऱ्यावर इस्त्रीचा पिवळा डाग. आत्ता लोरेटाला दिला आणि म्हटलं, वाच, मोठ्यानं वाच. तिनं वाचला. तू लिहिलं होतंस, 'वहिनी, हॉरेसला सांग: वेळ पुरत नाही म्हणून इस्त्रीमधला मऊ तुकडा कापलाय. ट्रम्पेट थांबले की सरळ शेवटच्या फेरीवर. लाल दिव्याच्या आधी सांग, जीव अडकलाय माझा. लेम.' एकतीस वर्षं डब्यात होतं आणि वाचायला एवढासाच वेळ लागला.

आता खरं सांगते, हे पत्र मी का लिहवून घेतलं. तुझी माफी मागायला, हो. पण माफी मागायची तर मी लोरेटाला कानात सांगू शकले असते. मी सकाळपासून मोठ्यानं बोलतेय, स्वयंपाकघरात, तू बसायचास त्याच खुर्चीवर बसून, आणि मधलं दार उघडं ठेवलंय. हॉरेसच्या तोंडावर बोलायचं धैर्य माझ्यात नाही, लेम, अजूनही नाही. पण त्याला काही कळवायचं तर कसं कळवायचं हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. इथे एकदा वाजवायचं, तो तिकडे डोळे मिटून ऐकतो. तो झोपलेला नाही. झोपलेल्या माणसाचा श्वास मी ओळखते. लोरेटानं कागद वाचला तेव्हा त्याचा खोकला थांबला. मी एप्रनच्या टोकाला पीळ देत बसले, ही पोरगी पेन उचलून धरून बसली. मग तो गुणगुणायला लागला. बारीक, फाटका आवाज, मधे मधे श्वास घेत. 'तापली इस्त्री', पहिल्यापासून. ठक्, खर्र. ट्रम्पेटपर्यंत आला, थांबला, आणि मऊ तुकडा सोडून सरळ शेवटच्या फेरीवर गेला. बरोबर, एक मात्रा न चुकता. मग म्हणाला, "झालं." आणि थोड्या वेळानं, "ओडी, त्याला लिही, नवीन काही असलं तर घेऊन ये म्हणावं. एकदाच वाजव म्हणावं, जास्त नको." तर ये, लेम. गाडी सकाळी येते, आम्ही घरीच असतो. दात असतील तर वाजव, नसतील तर नुसता बस. झाडाला मी पाणी घालतेच आहे, पण माझ्या बादलीवर फार भरवसा ठेवू नकोस. खाली जो वाकडा गोल दिसतोय तो माझ्या हातचा आहे, माझ्या नावाचं पहिलं अक्षर. लोरेटानं आत्ताच शिकवलं. हॉरेसला दाखवलं तर म्हणाला, स्वरलिपीत असा पोकळ गोल म्हणजे लांब धरायचा स्वर, दम असेल तर धर. दम नाही, पण काढलाय.

तुझीच,
वहिनी

O